हरणाबाईनं काढायला लावलेल्या कालवडी

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी पशुसखी आहे. जनावरांना लस टोचून घेणं, कानात पिवळे बिल्ले मारताना मुंडकं धरणं, कुणाची शेळी अडली की डॉक्टरांना फोन करणं, हे माझं काम. नाव दीपमाला. अणदूरपासून दोन कोसांवर आमची वस्ती, आणि वस्तीत मला सगळे फटकळ म्हणतात. म्हणू द्या. पण हरणाबाईचं सांगायला बसलं की माझीही जीभ जरा जड होते.

हरणाबाई आमच्या वस्तीची गुरं राखायची. नवरा ईरण्णा गुराखीच होता. तो गेला तेव्हा त्याची काठी हिनं उचलली, ती चाळीस वर्षं खाली ठेवली नाही. तीस-पस्तीस जनावरं, काही खिल्लार, बाकी गावरान. सकाळी माळावर न्यायची, दिवस कलायच्या आत परत आणायची. सत्तरी उलटली तरी चालणं असं, की मी धापा टाकत मागं राहायचे आणि ती वळून म्हणायची, "काय गं, सरकारनं पायाला खिळं मारल्यात का?"

तिचा हात मात्र वेगळा होता. डोळे अधू झाले होते, पण गाईच्या मानंखालच्या पोळीतून, कानामागून, कासेजवळून हात फिरवला की न बघता सांगायची, डाव्या अंगाला सव्वीस गोचिडं. एकदा मी हट्टानं चष्मा लावून मोजली. पंचवीस भरली. तिनं शेपटीच्या बुडाशी बोट नेऊन सव्विसावं काढलं, रॉकेलच्या डब्यात टाकलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. राग आला मला तेव्हा.

या हाताला एक नियम होता, आणि तो सगळ्या वस्तीचा नियम झाला होता. ज्या कालवडीच्या अंगाला एकही गोचीड लागत नाही, ती दावणीला ठेवायची नाही. हरणाबाई हात फिरवायची, थांबायची, परत फिरवायची, आणि मालकाला म्हणायची, "ही काढा." एवढंच. पुढच्या बाजारात ती कालवड जायची. "गोचिडाला कळतंय," ती सांगायची. "रगत थंड पडायच्या आदी ते उतरतंय." सासूच्या काळात तिनं स्वतः बघितलं होतं. गोठ्यातल्या गाईच्या पायांवरून सकाळी गोचिडं खाली चालत आली, भिंतीकडं निघून गेली, आणि दुपारी गाय मेली.

आणि ईरण्णाचं तर वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. गुराख्याच्या पायावर रोज पाच-सहा गोचिडं चढतातच. एके दिवशी तो हसत म्हणाला, आज एकबी चढलं न्हाय. दुपारी माळावर बसल्या जागी गेला. छातीत कळ आली असणार, असं मी म्हणते. पण मी तेव्हा जन्मले नव्हते, आणि ती तिथं होती.

म्हणून कुणी वाद घातला नाही. हिंमतराव, ज्यांच्या दावणीला सगळ्यांत जास्त जनावरं, त्यांनी दोन काढल्या. आणि लाज वाटते सांगायला, चार वर्षांपूर्वी मीही एक काढली. गुलाब नाव होतं तिचं, कपाळावर पांढरा ठिपका. पशुसखीचं प्रशिक्षण घेतलेलं, प्रमाणपत्र भिंतीला लावलेलं, आणि हरणाबाई "ही काढा" म्हणाली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. गुलाब गाडीत चढेना, तिला मीच ढकललं.

गेल्या दिवाळीनंतर निकिता मॅडम आल्या. त्या जनावरांच्या संशोधनातल्या डॉक्टर. आमच्या भागात गोचीड ताप वाढला होता. जर्शी गाई पटापट मरत होत्या, आणि फवारणीचं औषध गोचिडांना आता आंघोळीच्या पाण्यासारखं झालं होतं. मॅडम म्हणाल्या, औषध बदलत बसण्यापेक्षा ज्या गाईंवर गोचिडं कमी बसतात त्या शोधायच्या. काही गाईंच्या कातडीतच ते असतं. गोचीड चावलं की तिथं लगेच सूज येते, खाज सुटते, गोचिडाला रक्त मिळत नाही, ते उपाशी गळून पडतं. हा गुण आईबापांकडून वासरात येतो. केसाच्या मुळातून, रक्ताच्या थेंबातून तो प्रयोगशाळेत दिसतो. अशा गाई सापडल्या की त्यांच्याच वंशाचे वळू तयार करायचे आणि त्यांचं रेत गावोगाव द्यायचं.

मॅडमनी दहा जनावरांच्या गळ्यात पट्टे बांधले. जनावर किती चाललं, किती रवंथ केली, अंग किती तापलं, सगळं माझ्या मोबाइलवर यायचं. फोटोवरून गोचिडं मोजणारं एक ॲपही होतं. त्यानं पहिल्या गाईवर एकोणीस सांगितली. हरणाबाई म्हणाली सव्वीस. मॅडमनी एकेक काढून मोजली, सव्वीसच. त्या दिवसापासून मॅडम ॲपचा आकडा वहीत पेन्सिलीनं लिहायच्या आणि हरणाबाईचा पेनानं.

फक्त एका जनावराला हरणाबाई कुणाचा हात लागू देत नव्हती. तिची स्वतःची कालवड, कवडी. पांढरीशुभ्र, दोन वर्षांची. तिची आई गोचीड तापानं गेली, तेव्हा हरणाबाईनं हिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मूलबाळ नव्हतं, घरात या दोघीच. "कवडी बुजरी हाय," म्हणायची, "तिचं म्याच मोजते." आणि दर पंधरवड्याला एकच आकडा सांगायची. डावीकडं बावीस. गळ्यात पट्टा मात्र तिनं बांधू दिला, मॅडमनी हातापाया पडून मागितल्यावर.

मे महिन्यात भर दुपारी त्याच पट्ट्याची बॅटरी बदलायला मी माळावर गेले. वारा बंद पडला होता. टिटवीसुद्धा ओरडत नव्हती. सगळी गुरं एकाच दिशेला तोंड करून उभी होती आणि एकाचंही शेपूट हलत नव्हतं. बाभळीखाली हरणाबाई माझ्याकडं पाठ करून बसली होती. समोर कवडी. मांडीवर डबा, पण रॉकेलचा वास नव्हता. ती डब्यातून काहीतरी चिमटीत उचलत होती, कवडीच्या मानेखाली ठेवत होती, आणि हळू आवाजात म्हणत होती, "बस. बस बाई. बसून घे."

मी जवळ गेले. डब्यात जिवंत गोचिडं वळवळत होती. ती एकेक कवडीच्या अंगावर लावत होती. गोचीड चार पावलं चालायचं, थांबायचं, मागं वळायचं, आणि खाली पडायचं. ती ते धुळीतून उचलून परत लावायची. "बस बाई, बस." कवडी डोळे मिटून उभी होती. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"आलीस तर सावलीत यिऊन बस, दीपे," ती न वळता म्हणाली.

मी बसले. "मावशी, हे काय करताय तुमी?"

"दिवाळीपासनं करतीया. दुसऱ्यांच्या गाईवरनं काढती आन् हिला लावती. मॅडम फोटू काढायच्या दिवशी चार-दोन टिकतात, सांजच्याला पडत्यात." तिनं डब्याला झाकण लावलं. "हिच्या अंगाला कवाच गोचीड लागलं न्हाय. लोकास्नी कळलं तर म्हणतील, हरणे, आमच्या काढायला लावल्यास, आता तुझी काढ. आन् खरं हाय त्यांचं. पर म्या कशी काढू? आन् ठिवली तर मरंल की गं ही."

एवढं बोलून ती रडली. चाळीस वर्षांत तिला रडताना कुणी बघितलं नव्हतं. मला तिची कीव आली आणि तितकाच संतापही आला. माझी गुलाब गेली तेव्हा कुणी तिला गोचिडं लावली नव्हती.

ती म्हणाली, कुणाला सांगू नगंस. मी व्हय म्हणाले आणि संध्याकाळी मॅडमना फोन केला. फटकळ आहेच मी.

मॅडम दुसऱ्याच दिवशी आल्या. मला वाटलं आकडे खोटे सांगितले म्हणून चिडतील. त्या माझ्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "दीपमालाताई, आमची परीक्षा अशीच असते. गाईवर मुद्दाम गोचिडं सोडायची आणि किती टिकतात ते बघायचं. या आजींनी सात महिने तीच परीक्षा घेतलीय." त्यांनी कवडीच्या केसांचा आणि रक्ताचा नमुना नेला. हरणाबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलली नाही.

भाद्रपदात निकाल आला. सात गावांतल्या गाई तपासल्या होत्या, त्यांत कवडीसारखी दुसरी नव्हती. मॅडम हरणाबाईच्या अंगणात खाली बसल्या आणि समजावून सांगू लागल्या. हिंमतरावही येऊन उभे होते, वस्तीतल्या चार बायका होत्या.

"आजी, कवडी मरणार नाही. तुम्ही सासूबाईंच्या गाईचं बघितलं तेही खरं आहे. मरणाऱ्या जनावराचं अंग थंड पडतं, तेव्हा बसलेली गोचिडं उतरतात. पण कवडीवर ती कधी बसलीच नाहीत. उतरणं वेगळं आणि न बसणं वेगळं. हिला मरणाची भीती उलट सगळ्यांपेक्षा कमी आहे. तो ताप गोचिडामुळंच येतो ना?"

हरणाबाई ऐकत होती. मग मॅडमनी अगदी सहज विचारलं, "पण मला एक कळत नाही. हे रक्तातून येतं. या माळावर अशा दहा-पंधरा तरी गाई असायला हव्या होत्या. त्या सगळ्या गेल्या कुठं?"

हिंमतराव जमिनीकडं बघायला लागले.

हरणाबाईचे ओठ हलले. गोचिडं मोजायची त्याच आवाजात ती नावं घेऊ लागली. "मुंगी. पवळी. शेवंता. ढवळी. थोरली पारू. धाकली पारू." एकेका नावाला तिचा हात हवेत फिरत होता, मानेखालून, कानामागून, जणू ती गाय समोर उभी आहे. बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या. मी नावं मोजत होते. एकोणीस झाली. शेवटचं नाव घेताना ती माझ्याकडं वळली. "गुलाब," ती म्हणाली.

दोन दिवस तिनं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी परत काठी घेऊन निघाली. आता कवडीला ती डब्यातली गोचिडं लावत नव्हती, नुसती तिच्या मानेला हात घालून बसायची. वाटलं, मिटलं एकदाचं.

ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं तेव्हाची गोष्ट. मी माळावर गेले तर ती लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन स्वतःच्या नडग्या चाचपत होती. "दीपे, बघ गं. तुला दिसतंय का एकांदं?"

मी बघितलं. पोटऱ्या, घोटे, बोटांच्या बेचक्या. एकही नव्हतं. माझ्या स्वतःच्या पायावर तेवढ्यात दोन चढली होती. मी हसले. मोठ्यानं हसले, कारण मला भीती वाटली होती. "कातडं वाळलंय तुमचं मावशी, गोचिडाला तरी काय मिळणार?" म्हटलं, आणि माझ्या पायावरचं एक काढून तिच्या नडगीवर ठेवलं. ते दोन बोटं चाललं. थांबलं. वळलं. आणि पडलं.

"तीन दिस झाले," ती म्हणाली. "ईरण्णाबी असाच हसला हुता."

पडलेलं गोचीड मी दगडानं चिरडलं.

"मॅडम खरं बोलल्या, बघ. कवडीवर ती बसलीच न्हाईत. माझ्यावरनं उतरली. येगळं हाय ते." तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि एक प्रकारचं समाधानही. "म्हंजी कवडीला काय हुईत न्हाय. दीपे, एक कर. माझ्या शबुदानं ज्या ज्या गेल्या, त्या कुठं हाईत ते हुडीक. आन् तिथं जाऊन सांग, हरणाबाई चुकली म्हणावं."

"तुमीच चला की संगं. आपण दोघी जाऊ, एसटीनं," मी म्हणाले. तिनं लुगडं खाली सोडलं आणि काठी उचलली.

चौथ्या दिवशी मी घरी भाकरी थापत होते. एक वाजला असेल. मोबाइल वाजला. कवडीच्या पट्ट्याचा इशारा होता. दोन तास हालचाल नाही. माझ्या हातातली भाकरी खाली पडली. मनात पहिलं हेच आलं, की मॅडम चुकल्या, म्हातारीचंच खरं झालं, कवडी गेली. पिठाच्या हातानं पळाले मी माळावर.

कवडी उभी होती. बाभळीची सावली सरकून गेली होती, आणि ती उन्हात चारी पाय रोवून उभी होती. कान हलत नव्हते. तिच्या पोटाची सावली खाली पडली होती, आणि त्या सावलीत हरणाबाई आडवी होती.

हात लावला. थंड होती. एवढ्या उन्हात थंड.

लुगडं गुडघ्यापर्यंत वर होतं. शेजारी डबा उघडा पडला होता, बिनरॉकेलचा. आणि जमिनीवर तिच्याभोवती गोचिडं होती, पन्नास तरी असतील. सगळी तिच्याकडं पाठ करून बाहेरच्या बाजूला चालली होती. तेव्हा मला कळलं, ती सकाळपासून काय करत बसली असेल. ती गोचिडं स्वतःच्या पायाला लावत होती. बस. बस बाई. बसून घे. मरणाला तयार असल्यासारखं बोलली होती माझ्याशी, आणि इथं एकटी बसून जगायला बघत होती. मी तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. कवडी तेव्हासुद्धा हलली नाही. माणसं आली, त्यांनी हरणाबाईला उचललं, तेव्हा कुठं तिनं पाय उचलला.

नंतर मोबाइलवर बघितलं. कवडीचं अंग तापलेलं नव्हतं, रवंथ सकाळपर्यंत नेहमीसारखी होती. तिला काही म्हणता काही झालेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, म्हातारीला ऊन लागलं, हृदय थकलेलं होतं. मी तेच सगळ्यांना सांगते.

कवडीला मी माझ्या दावणीला आणलं. तेराव्यानंतर हिंमतराव माझ्या दारात आले. "दीपमाला, ती कालवड काढून टाक. म्हातारीला खाल्लं तिनं. वस्तीत नको."

"मामा, तुमी निकालाच्या दिवशी अंगणात उभे होता," मी म्हणाले. "समदं कानांनी ऐकलंत."

"ऐकलं. पण म्हातारीपाशी पडलेला डबा बी बघितला, आन् उतरून चाललेली गोचिडं बी."

"कवडी माझ्या दावणीला हाय. ती गेली तर माझ्या प्रेतावरनं जाईल." ते गेले. पण खरं सांगते, दार लावल्यावर मी खाली बसले आणि स्वतःच्या नडग्या चाचपल्या. एक सापडलं. मला इतकं हायसं वाटलं की त्याची चीड आली.

मग मी शोधायला लागले. अठराजणींच्या कानात बिल्ला नव्हता, त्या जुन्या काळातल्या. पण गुलाबच्या कानात होता. बिल्ला मारताना तिचं मुंडकं मीच धरलं होतं, नंबर माझ्या वहीत होता. मॅडमनी तो नंबर सरकारी नोंदीत घालून बघितला. शेवटची लस परंड्याला टोचल्याची नोंद निघाली.

परंड्याच्या किल्ल्यामागं महारुद्र नावाच्या शेतकऱ्याचा गोठा होता. गेले तर दारात छोटा टेम्पो उभा. आणि आत गुलाब. कपाळावर तोच ठिपका, थोडी थोराड झालेली. तिच्या शेजारी तिचीच कालवड. दोघींच्या गळ्यात नवी दावी.

"कुठं चालवल्यात?" मी विचारलं.

"बाजारात. दोघी बी काढतोय." महारुद्र माझ्याकडं न बघता गाठ मारत होता. "गाय चांगली हाय हो, दूध देती, कवा आजारी न्हाय. पण अंगाला गोचीड बसत न्हाय. मागल्या महिन्यात आई वारली माझी. तवा भावजय म्हणली, असलं जनावर दावणीला ठेवू न्हाय, माणूस जातंय. आमच्या गल्लीतल्या दोघांनी त्यांच्या काढल्या बी."

"कुणी सांगितलं तुमच्या भावजयीला?"

"ती अणदूरकडची. तिकडं कुणी हरणाबाई हाय म्हणं, गुरं राखणारी. तिचा शबूद कवा खोटा पडत न्हाय."

हरणाबाईला जाऊन दीड महिना झाला होता. तिचा शब्द माझ्या आधी इथं येऊन पोचला होता, दोन गाई घेऊन गेला होता, आणि आता तिसरी-चौथीसाठी टेम्पो दारात उभा होता.

मी गुलाबजवळ गेले. तिनं मला हुंगलं. ओळखलं की नाही, ठाऊक नाही. तिच्या मानेखाली हात घातला, पोळीतून, कानामागून, कासेजवळून फिरवला, जसा हरणाबाईनं फिरवला असता तसा. डावीकडं काही नाही. उजवीकडं काही नाही.

"तुमी कोण म्हणायच्या?" महारुद्रनं विचारलं.

"मला हरणाबाईनंच धाडलंय," मी म्हणाले. "तिनं सांगितलंय, हरणाबाई चुकली. या गाई काढू नका. माणूस जातं ते दुसऱ्या कशानं तरी जातं."

तो हात थांबवून माझ्याकडं बघत राहिला. "तिनं असं सांगितलं?"

"माझ्या तोंडावर सांगितलं. आणि तिचा शब्द कवा खोटा पडत नाही म्हणता ना तुमी? मग हाही पडायचा नाही."

महारुद्रनं गाठ सोडली, आणि टेम्पोवाल्याला हातानं जायला सांगितलं. मॅडमना मी तिथूनच फोन लावला, गुलाबचे आणि तिच्या कालवडीचे नमुने घ्यायला या म्हणून. गल्लीतल्या त्या दोन गाई कुठं गेल्या त्याचाही पत्ता विचारून घेतला.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले तेव्हा घोट्याच्या वर काहीतरी चावल्यासारखं झालं. साडी जरा वर करून बघितलं. गोचीड होतं, गुलाबच्या गोठ्यातल्या कुठल्यातरी म्हशीचं असणार. चांगलं घट्ट धरून बसलं होतं. एरवी मी ते तिथंच चिरडलं असतं. पण बार्शी येईपर्यंत मी ते काढलं नाही.